पडद्याआडून ऐकलेले ग्वाल्हेर

ग्वाल्हेरास प्रथम जाणारा मनुष्य किल्ला पाहतो, दुसऱ्यांदा जाणारा जयविलास राजवाडा. तिसऱ्या खेपेस पाहण्यासारखे फारसे उरत नाही आणि मग हे शहर कानांनी घ्यावे लागते. २०२५ च्या जानेवारीत माझी अशीच खेप झाली. निमित्त घरगुती होते. परंतु मनात एक प्रश्न घेऊन गेलो होतो. त्याआधीच्या दोन डिसेंबरांत किल्ल्यावर शेकडो वादकांनी एकाच वेळी वाद्ये वाजविल्याच्या बातम्या आम्ही इंदुरास वाचल्या होत्या. ज्या शहराने दोनशे वर्षे एकेका गळ्याची जपणूक केली, त्या शहरात हा वाद्यांचा महापूर कोठून आला? आणि एका गळ्याचे, एका तारेचे संगीत वाद्यवृंदात शिरले म्हणजे त्याचे काय होते? या प्रश्नाच्या पाठीस लागून निघालो, तो सरोदघर ओलांडून थेट एका जपानी चित्रमालिकेच्या तबकडीपाशी जाऊन पोहोचलो. वाट आडवळणाची आहे खरी, पण ग्वाल्हेरच्या गल्ल्याही तशाच आहेत.

जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार अशी ही तीन गावे एकमेकांस चिकटून बसली आहेत. पैकी लष्कर हे आपले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तंबूंच्या जागी वाडे उठले आणि छावणीचे शहर झाले. नाव मात्र लष्करच राहिले. आजही तेथे ‘शिंदे की छावनी’ आहे, ‘चिटणीस की गोठ’ आहे. गोठ म्हणजे आपला गोट. नाम मराठी आणि विभक्ती हिंदी. आपणा बाहेरच्या मराठी मंडळींच्या घरांत जसे बोलले जाते, अगदी तसेच. पाटणकर बाजारातून महाराजबाड्याकडे जाताना दुकानावरची पाटी देवनागरी आहे एवढ्यावरून ती कोणत्या भाषेत आहे हे चटकन कळत नाही, आणि कळावे अशी कोणाची तक्रारही नाही.

याच लष्करात, दौलतरावांच्या दरबारात घडलेली म्हणून एक कथा सांगतात. दरबारी गवई बडे महंमद खाँ हे आपल्या तानांच्या विद्येत अजोड होते आणि ती विद्या कोणास देण्यास तयार नव्हते. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ ही तेव्हा उमलत्या वयाची मुले. महाराजांच्या संमतीने त्यांना पडद्याआड बसविण्यात आले. बडे महंमद खाँ गात, पोरे आत बसून ऐकत, आणि घरी जाऊन तेच गळ्यातून काढीत. काही महिन्यांनी भर दरबारात त्यांनी ती गायकी गाऊन दाखविली, तेव्हा बडे महंमद खाँ संतापून दरबार सोडून गेले. आख्यायिकेतील तपशील सोडून द्या. चोरी म्हणा की विद्यार्जन म्हणा, ग्वाल्हेर घराण्याच्या मुळाशी हे दोन लपलेले कान आहेत. यंत्र निघण्यापूर्वीचे हे ध्वनिमुद्रणच म्हणावयाचे.

पुढची परंपरा वाचकांस ठाऊक असेलच. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे पायपीट करून आलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६), आणि मिरजेस बुवांकडे शिकून १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडणारे विष्णु दिगंबर पलुस्कर. महाराष्ट्रात आज ख्याल ज्या रूपात नांदतो आहे त्याचा मोठा हिस्सा या वाटेने ग्वाल्हेराहून खाली उतरला. उलट दिशेने चिंचवडचे पंडित घराणे ग्वाल्हेरास येऊन स्थिरावले. शंकरराव पंडितांचे चिरंजीव कृष्णराव (१८९३–१९८९) यांनी वडिलांच्या नावे १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. चार वर्षांनी, १९१८ साली, माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय निघाले. दरबारच्या निवडक गवयांना आधी मुंबईस भातखंड्यांकडे स्वरलेखनपद्धती शिकावयास धाडले होते. गळ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या असलेल्या राजाभैया पूंछवाल्यांसारख्यांनी पाटीवर ‘सा’ लिहिण्याचा धडा गिरवला, ही लहान गोष्ट नव्हे.

कागदावर स्वर उतरले, पण किती उतरले? चिजेचा सांगाडा उतरला, सम कोठे येते ते उतरले. दोन स्वरांमधली मींड, एखादा गंधार किंचित उतरता ठेवून घेतलेला श्वास, हे कागदाच्या हातून निसटतेच. तबकडीने ते पकडले असते, परंतु जुन्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपे. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांचा आवाज त्यांच्या उतारवयात, १९२० च्या सुमारास, अशा तबकड्यांवर घेतला गेला. तिलवाड्यातला विलंबित ख्याल ज्या वेळात नुसता आळस झटकून उठतो, तेवढ्या वेळात संपूर्ण राग आटोपावयाचा! तरीही त्या खरखरीतून आलेला तो आवाज आपणांस लाभला, हे भाग्य.

लष्करातून जीवाजीगंजात शिरले की सरोदघर लागते. उस्ताद हाफिज अली खाँ (१८८८–१९७२) यांचे हे वडिलोपार्जित घर. ते ग्वाल्हेर दरबारचे वादक. त्यांचे वडील नन्हे खाँही दरबारातच. १९९५ पासून या वास्तूत संगीताचे संग्रहालय आहे. जुन्या उस्तादांनी वाजविलेली वाद्ये, छायाचित्रे, कागदपत्रे. भिंतीआड बाजाराचा गलका चालू असतो आणि आत ही वाद्ये मुकी बसलेली असतात. मुकी वाद्ये पाहताना मला नेहमीच थोडे अवघडल्यासारखे होते. पण सरोदाची घडण समजून घ्यावयाची तर यासारखी जागा नाही.

अफगाण रबाबाची पट्टी लाकडी आणि तारा तातीच्या. त्या बदलून गुळगुळीत धातूची पट्टी आणि पोलादी तारा बसविल्या, तेव्हा सरोद झाला. आणि हे काम आपले पूर्वज गुलाम अली खाँ यांचे, असे हे घराणे सांगते. सतारीला पडदे असतात, सरोदाला नाहीत. नखाच्या कडेने तार दाबून बोट घसरत न्यावयाचे. मधल्या वाटेत स्वराला अडविणारा एकही पडदा नाही, म्हणून चूक लपविणाराही नाही.

याच ग्वाल्हेरात १९४५ साली हाफिज अलींचे चिरंजीव अमजद अली खाँ जन्मले, आणि येथून माझ्या प्रश्नाला पहिला धागा सापडला. त्यांनी सरोद आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी ‘समागम’ ही दीर्घ रचना केली. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांवर सेंट मॅग्नस महोत्सवात २००८ मध्ये ती स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर प्रथम सादर झाली आणि २०११ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका निघाली. संचालक डेव्हिड मर्फी. जीवाजीगंजातल्या घराण्याचा सूर समुद्रातल्या त्या वाऱ्याच्या बेटावर पोहोचला, ही कल्पनाच मला मोठी गमतीची वाटते.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवात सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. हा वाद्यवृंद त्याहून निराळा. तेथे प्रत्येक वादकापुढे कागद असतो आणि त्यावर जे लिहिले आहे तेच, तितकेच वाजवावयाचे. शिवाय एकाच क्षणी निरनिराळे स्वर एकत्र वाजवून त्यांचा मेळ साधणे हा त्या संगीताचा प्राण. रागापुढे येथेच संकट उभे राहते. ज्या रागात मध्यम वर्ज्य, त्यात खालच्या वाद्यांनी भरणीसाठी मध्यम लावला तर राग तेथेच मोडला. सगळ्यांनी एकच चाल एकत्र वाजविली तर राग शाबूत राहतो, पण मग साठ माणसे जमविली कशाला, असा प्रश्न पडतो. आकाशवाणीच्या वाद्यवृंदात १९५२ पासून रविशंकरांनी आणि पुढे पन्नालाल घोषांनी याच प्रश्नाशी झुंज घेतली. आपल्याच प्रांतात मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना शिकवून बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे ‘नलतरंग’ केले. त्यांचे उत्तर सर्वांत खेडवळ आणि मला वाटते सर्वांत शहाणे होते : आधी मुलांना राग शिकवा, मग हाती वाद्य द्या.

‘समागम’मध्ये सरोदासमवेत निवडक वादकांचा एक लहान गट आहे, त्यामागे तंतुवाद्यांचा मोठा वृंद आणि टिंपनी, म्हणजे स्वरात लावता येणारे नगारे. पियानो नाही. यातील मर्म सरोदघरात ती धातूची पट्टी पाहिल्यावर ध्यानात येते. व्हायोलिन, व्हियोला, चेलो यांच्याही पट्टीवर पडदे नसतात. सरोद जी मींड घेईल ती त्यांना घेता येते. जो गंधार सरोद किंचित उतरवील तो त्यांनाही उतरविता येतो. पियानोच्या पट्ट्यांना ते साधत नाही. म्हणजे हे दोन परके नव्हेत, एका बाजूने भाऊबंदच. मुद्रिका ऐकताना माझे मत असे झाले की जेथे सबंध वृंद चाल उचलतो तेथे भव्यता येते, पण राग जरा इस्त्रीचा सदरा घातल्यासारखा ताठ उभा राहतो; आणि जेथे एखादेच वाद्य सरोदाला उत्तर देते तेथे दोघेही मोकळे होतात. जाणकारांचे मत वेगळे असू शकेल.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. मानसिंह तोमराच्या महालावरची निळी बदके, हत्ती, केळीची झाडे यांविषयी मागे पुष्कळांनी लिहिले आहे, तेव्हा ते येथे नको. मला पाहावयाचे होते ते मोकळे पटांगण. २५ डिसेंबर २०२३ रोजी या किल्ल्यावर १,२८२ तबलावादकांनी एकत्र तबला वाजविला. १५ डिसेंबर २०२४ रोजी, तानसेन समारोहाच्या शंभराव्या वर्षी, ५४६ वादकांनी नऊ वाद्यांवर नऊ मिनिटे समवेत वादन केले. दोन्हींची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला होता, त्या उत्साहाची ही फळे. आपल्या बोलीत विक्रमालाही रेकॉर्ड म्हणतात आणि तबकडीलाही. या दोन रेकॉर्डांत फार अंतर आहे. एकीत माणसे मोजतात, दुसरीत स्वर राहतो. पटांगणावर उभे राहून मी विचार करीत होतो की डिसेंबरच्या थंडीत, उघड्यावर, चामड्याची तोंडे उतरत असताना, बाराशे तबले एका स्वरात लागले तरी कसे असतील?

त्याचे उत्तर मला उतरलो होतो त्याच घरी मिळावयाचे होते. आईच्या मावसबहिणीचे हे घर. त्यांना आम्ही सर्व माई म्हणतो. वय चौऱ्यांशी. तरुणपणी माधव महाविद्यालयात शिकल्या. त्यांचे गुरुजी राजाभैयांच्या तालमीतले. मुले पुणे-बंगळूरकडे गेली. एक नातू येथेच शिकतो, तबला वाजवितो. त्या बाराशे ब्याऐंशींतला तो एक.

“लागले नव्हते सगळे,” तो प्रांजळपणे म्हणाला, “पण इतके एकदम वाजले ना, की आवाजाची भिंतच झाली. अंगावर काटा आला.”

“भिंतीला कान असतात, भिंत स्वतः गात नाही,” माई म्हणाल्या. “अरे, एवढ्यांत तुझा एक ठेका चुकला असता तर कुणाला कळणार होतं?”

“मला तर कळलं असतं ना, आजी.”

माईंनी यावर काही उत्तर दिले नाही, पण त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

रात्री अभ्यासाच्या वेळी त्याच्या खोलीतून वाद्यवृंदाचे सूर येत होते. मला वाटले, ‘समागम’ असेल. आत जाऊन पाहतो तो काही भलतेच. ‘उचू सेन्कान यामातो’ ही जपानी चित्रमालिका. नावाचा अर्थ अंतराळातील युद्धनौका यामातो. १९७४-७५ मध्ये जपानी दूरदर्शनवर तिचे सव्वीस भाग झाले. महायुद्धात बुडालेली नौका वर काढून तिचे अंतराळयान करतात आणि किरणोत्सर्गाने होरपळलेली पृथ्वी वाचविण्याचे साधन आणावयास ती दूरच्या एका ग्रहाकडे निघते, अशी कथा. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी तिला फार प्रेक्षक लाभले नाहीत. पुनःप्रक्षेपणाने ती लोकांच्या मनात भरली, १९७७ मध्ये तिचा चित्रपट आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्या संगीताची तबकडी निघाली. संगीतकार हिरोशी मियागावा. चित्राच्या पाठीमागे तुटक तुटक वाजणारे तुकडे घेऊन त्यांनी ते पूर्ण वाद्यवृंदासाठी नव्याने, सलग गुंफले. चित्र दिसत नसताना चित्राचे संगीत स्वतःच्या पायांवर उभे राहू शकते, हे तेथील सामान्य श्रोत्याला या तबकडीने पटविले. पुढे चित्रमालिकांच्या संगीताची अशी वाद्यवृंदमुद्रणे काढण्याची तेथे परंपराच पडली.

मी दाराशी उभा होतो, एवढ्यात पाठीमागून काठी टेकीत माई आल्या. तबकडीच्या आरंभीच्या भागात एक स्त्रीस्वर आहे, काझुको कावाशिमा या गायिकेचा. शब्द एकही नाही. केवळ स्वर वर जातो, तरंगतो, आणि त्याखाली वाद्यांचा विस्तीर्ण गालिचा हळूहळू उलगडत जातो. माई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि डोळे मिटून घेतले.

“शब्द नाहीत, हे बरं केलं,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “आकार स्वच्छ आहे. पण सम कुठे आहे?”

“सम नाहीये याच्यात, आजी.”

“मग ही बाई परत कशी येणार?”

पोरगा हसला. “परत यायचीच तर गोष्ट आहे ती! जहाजाला एका वर्षात पृथ्वीवर परत यायचं असतं.”

माईंनी मान हलविली. वर्षभराचे आवर्तन त्यांना जरा लांब वाटले असावे. पण पुन्हा ऐकव म्हणाल्या.

या घरातली खरी चिंता निराळी आहे. माईंपाशी जुन्या चिजांची एक वही आहे, कापडी बांधणीची, पाने पिवळी पडलेली. तीत शब्द आहेत. स्वर बहुतेक चिजांना नाहीत, कारण ते गुरुजींनी गळ्यात दिले होते, कागदावर नव्हे. नातू गेले वर्षभर त्यांच्या मागे लागला आहे की एकेक चीज गा, मी मोबाइलवर घेतो आणि मागाहून स्वर लिहून काढतो. माई नाही म्हणतात. आवाज राहिला नाही, दम पुरत नाही. फाटका आवाज ठेवून जावयाचा कशाला, गुरुजींचे नाव खराब होईल. यात हट्ट आहे असे मला सुरुवातीस वाटले. पण ज्या पिढीला समेवर अर्धी मात्रा उशिरा आल्याबद्दल आठ आठ दिवस तीच ओळ घोकावी लागली, तिला ओबडधोबड ठेवा मागे ठेवणे हे खोटे नाणे चालविण्यासारखे वाटत असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

त्या रात्री मुलाने निराळा डाव टाकला. मियागावा २००६ मध्ये वारले. २०१२ मध्ये त्या मालिकेची नवी आवृत्ती निघाली आणि संगीताचे काम त्यांचे चिरंजीव अकिरा यांच्याकडे आले. वडिलांचे जुने संगीत पुन्हा वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यावयाचे तर प्रत्येक वादकापुढे कागद हवा, आणि मूळ स्वरलेख तर हाती नव्हते. तेव्हा मुलाने वडिलांची जुनी मुद्रणे पुनःपुन्हा ऐकली आणि कोणते वाद्य कोठे काय वाजवीत आहे ते केवळ कानाने ओळखून सारे पुन्हा कागदावर उतरविले. व्हायोलिनच्या झुंडीत दडलेला एखादा शिंगाचा सूर, ढोलाच्या गडगडाटाखालचा बासचा स्वर, असे एकेक सोडवीत. ज्याने वाद्यवृंद जवळून ऐकला आहे त्याला हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना येईल. पडद्याआडच्या हस्सू-हद्दूंना निदान एकच गळा ऐकावयाचा होता.

“कागद गेले, वडील गेले, रेकॉर्ड होती म्हणून मुलाने लिहिलं,” नातू म्हणाला. “तू गायलीच नाहीस, तर मी काय ऐकून लिहू?”

माई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तंबोरा काढ. मोबाइलमधला नको.”

तंबोऱ्यावरची खोळ निघाली. जवारी बिघडली होती, तारा गंजल्या होत्या. लावावयासच पाऊण तास गेला आणि तोवर माईंनी पोराला तीनदा बोल लावला. मग हमीरातली एक चीज त्यांनी म्हटली, तिलवाड्यात. वरच्या षड्जाशी आवाज फाटला. अंतऱ्याच्या मध्येच दम संपला तेव्हा त्या थांबल्या, श्वास घेतला आणि सोडली तेथून नव्हे तर समेपासून पुन्हा उचलली. पोरगा मांडीवर ठेका धरून होता. सारे मिळून अकरा मिनिटे झाली. जुन्या तबकडीच्या चार बाजू तरी लागल्या असत्या.

जपान आणि आपण यांच्या मधली वाद्यवृंदाची वाट याआधी एकदा चालली गेली आहे, तेही जाता जाता नोंदवितो. युगो साको आणि राम मोहन यांनी जपानी व भारतीय चित्रकारांकडून ‘रामायण’ हा चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण केला. त्याचे संगीत वनराज भाटियांचे. भाटिया लंडनला आणि पॅरिसला नादिया बुलाँजे यांच्यापाशी पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकलेले. २०२१ मध्ये ते गेले. मी ग्वाल्हेरास होतो त्याच महिन्यात, २४ जानेवारी २०२५ रोजी, तो चित्रपट भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. ज्या घरांत मुलांना रामायण कोणत्या भाषेत सांगावे हाच प्रश्न असतो, त्यांनी तो जरूर पाहावा.

निघण्याच्या दिवशी दुपारी हजिऱ्यास जाऊन आलो. महंमद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांतून ऊन आत सांडत होते. शेजारी तानसेनाची समाधी, एका चौथऱ्यावर, खांबांच्या लहानशा छत्रीखाली. इतकी साधी की प्रथम पाहणारा तिला मागच्या मोठ्या इमारतीचा भाग समजतो. चिंचेचे जुने झाड केव्हाच गेले. त्याच्या जागी वाढलेल्या झाडाची पाने गळा सुधारावा म्हणून लोक अजून तोडून खातात. १९२४ पासून येथे समारोह होतो, आणि अजूनही त्याच्या पहिल्या सकाळी शहनाई झाली की ढोलीबुवांच्या गादीवरील महाराजांची हरिकथा होते, मग मिलाद. हजारो वाद्यांचे विक्रम व्हावयाचे ते किल्ल्यावर. येथे आरंभ एका कीर्तनकाराच्या आवाजाने होतो. मी गेलो तेव्हा मात्र समारोहाचा मांडव उठून महिना झाला होता. दोन शाळकरी मुली चौथऱ्यावर डबा खात होत्या.

स्टेशनच्या वाटेवर गजक घेतली आणि रात्रीच्या गाडीने इंदुरास परतलो. आठवड्याने नातवाचा निरोप आला. हमीराची चीज त्याने लिहून काढली होती, पण अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीतली एक जागा त्याला दोन तऱ्हांनी ऐकू येत होती. म्हणून दोन्ही लिहून त्याने आजीपुढे ठेवल्या. आजीने दोन्ही खोडल्या आणि उद्या सकाळी सहाला तंबोरा लावून ठेव म्हणून सांगितले.